हातपाय का आंबतात? : व्यायाम आणि स्नायूंचा थकवा



२३ जुलै १९५२ हा दिवस महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात कायमचा कोरला गेला आहे. फिनलंडमधील हेलसिंकी येथे भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धेत कराडजवळच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांनी त्या दिवशी ५७ किलो वजनगटात कुस्तीचे कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताला लाभलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले होते, ही गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते.

परंतु कुस्तीशौकिनांमध्ये या स्पर्धेची आणखी एक हकिगत सांगितली जाते आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी येथील मल्लांना हरवून खाशाबा अखेरच्या टप्प्यात आले. तेथे जपानच्या शोहाची इशी याच्याशी त्यांची दीर्घ आणि दमछाक करणारी कुस्ती झाली व ती त्यांना गमवावी लागली. ती संपते न संपते तोच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव याच्याशी लढण्यासाठी त्यांना पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. मात्र तो नियम दाखवून हरकत घेण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा आखाड्यात उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळाले, मम्मदबेयोवला रौप्य.

ज्या मल्लाने लागोपाठ तिघांना चीत केले, त्याचे कसब अर्ध्या तासात कोठे जाणार? डावपेच तेच होते, जिद्द तीच होती, शरीरही तेच होते. आज्ञा पाळायला नकार दिला तो स्नायूंनी. ते नकार का देतात, आणि तो अर्धा तास मिळाला असता तर त्यांच्यात नेमके काय घडले असते, हे आता शरीरशास्त्राच्या आधारे बऱ्याच निश्चितपणे सांगता येते.

आपल्या मराठी भाषेने थकव्याचे प्रकार फार बारकाईने वेगळे केले आहेत. धाप लागली की माणूस दमतो, श्रम आणि काळजी एकत्र आली की शिणतो. पण दिवसभर ओझी वाहिली किंवा पन्नास बैठका अंगावर आल्या की हातपाय ‘आंबतात’. दूध आंबावे, पीठ आंबावे, तसे हातपाय आंबतात. हा शब्द ज्यांनी प्रथम वापरला त्यांना रसायनशास्त्र ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. तरीही विसाव्या शतकात जवळजवळ सर्व जगाने थकव्याचे जे कारण मानले, ते नेमके हेच होते : स्नायूंत आम्ल साचते. दही ज्या आम्लामुळे आंबट होते, तेच लॅक्टिक आम्ल.

या समजुतीचा उगम चांगल्या संशोधनातच आहे. १९०७ साली केंब्रिज विद्यापीठात फ्लेचर आणि हॉपकिन्स या दोन शास्त्रज्ञांनी बेडकाच्या पायाचे स्नायू विजेच्या झटक्यांनी थकेपर्यंत आकुंचित केले. प्राणवायू नसताना त्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचत गेले आणि प्राणवायू दिल्यावर ते नाहीसे होऊ लागले, असे त्यांना आढळले. पुढे स्नायूंतील उष्णता आणि लॅक्टिक आम्ल यांवरील कार्यासाठी आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहॉफ यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मग काय, शाळेच्या पुस्तकांपासून तालमीतील वस्तादांपर्यंत सर्वत्र एकच उत्तर रूढ झाले. थकवा आणि आम्ल एकाच वेळी दिसतात, म्हणून आम्लामुळे थकवा येतो, असा तो तर्क. कोंबडा आरवतो तेव्हाच उजाडते, म्हणून कोंबड्यामुळे उजाडते असे म्हणण्यासारखेच हे.

(येथे थोडे विषयांतर करणे योग्य होईल. स्नायूंविषयीचे त्या काळचे बहुतेक ज्ञान असंख्य मुक्या जिवांच्या बळीवर उभे आहे, ही गोष्ट कोणत्याही संवेदनशील मनाला बोचणारी आहे. आज मात्र चुंबकीय अनुनादाच्या यंत्रात माणसाचा हात किंवा पाय ठेवून, सुई न टोचता आणि कोणालाही इजा न करता, काम करणाऱ्या स्नायूतील फॉस्फेटची घट-वाढ क्षणाक्षणाला पाहता येते.)

आम्लाच्या या कल्पनेला पहिला धक्का बसला तो १९३० साली. डेन्मार्कच्या आइनार लुंड्सगार्ड यांनी एका विषारी द्रव्याच्या साहाय्याने स्नायूतील लॅक्टिक आम्लाची निर्मितीच बंद पाडली. आम्ल नाही म्हणून स्नायू अथक काम करत राहायला हवा होता; प्रत्यक्षात तो काही काळ आकुंचित झाला आणि मग थकलाच. १९५१ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील डॉ. ब्रायन मॅकआर्डल यांनी एका तरुण रुग्णाचे वर्णन केले. थोड्याशा श्रमानेही त्याचे स्नायू दुखत व ताठरत. आणि आश्चर्य असे की श्रमानंतर त्याच्या रक्तातील लॅक्टिक आम्ल मुळीच वाढत नसे. स्नायूतील साठवलेली साखर मोकळी करणारे विकरच अशा रुग्णांमध्ये नसते, हे नंतर स्पष्ट झाले. म्हणजे ज्यांच्या स्नायूंत हे आम्ल तयारच होत नाही, ती माणसे निरोगी माणसाहून उशिरा नव्हे, तर कितीतरी लवकर थकतात! पुढे असेही दिसून आले की आम्लाचा जो दुष्परिणाम प्रयोगशाळेतील थंड तापमानात ठळकपणे दिसे, तो शरीराच्या स्वाभाविक उष्णतेत बराच सौम्य होतो. आम्लतेचा थकव्यात काहीच वाटा नाही असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण तीव्र श्रमात इतर घटकांच्या जोडीने ती त्रासदायक ठरते असे मानणारे अभ्यासक आहेत. पण एकमेव गुन्हेगार म्हणून शंभर वर्षे लॅक्टिक आम्लाला पिंजऱ्यात उभे केले गेले, हा त्याच्यावर अन्यायच म्हणावा लागेल. उलट, श्रमाच्या वेळी स्नायूंतून बाहेर पडणारे लॅक्टेट हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात. ते कचरा नसून चलन आहे.

मग खरे कारण कोणते?

स्नायूचे प्रत्येक आकुंचन एटीपी नावाच्या रेणूवर चालते. हा शरीराचा रोख पैसा; आणि गंमत अशी की स्नायूत तो शिल्लक असतो तो जोरदार श्रमाच्या जेमतेम दोन-तीन सेकंदांपुरता. म्हणून तो सतत नव्याने घडवावा लागतो. त्याची सर्वांत जलद भरपाई करणारा साठा म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट. या साठ्याच्या शोधात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के यांच्यासह काम करत होते. रक्तातील व स्नायूंतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत त्यांनी विकसित केली आणि त्यातून १९२७ साली स्नायूतील क्रिएटिन फॉस्फेट प्रकाशात आले. त्याच सुमारास इंग्लंडमधील एगल्टन दांपत्यालाही त्याचा सुगावा लागला होता. १९२९ साली एटीपीच्या शोधातही सुब्बाराव यांचे नाव आहे. नोबेलने त्यांना हुलकावणी दिली. पण जगभरच्या प्रयोगशाळांत ‘फिस्के-सुब्बाराव पद्धत’ हे नाव पुढे अनेक वर्षे उच्चारले गेले.

क्रिएटिन फॉस्फेट पूर्ण ताकदीच्या श्रमात साधारण दहा सेकंद साथ देते. या दहा सेकंदांत शंभर मीटरची शर्यत संपते किंवा मल्ल समोरच्याला उचलून आपटतो. त्याचे विघटन झाले की सुटे फॉस्फेट स्नायुपेशीत साचू लागते, आणि आजच्या समजुतीप्रमाणे तीव्र श्रमातील थकव्याचे हेच एक प्रमुख कारण आहे. स्नायू आकुंचित होण्यासाठी पेशीतील कप्प्यांतून कॅल्शियम बाहेर सुटावे लागते. साचलेले फॉस्फेट एकीकडे स्नायुतंतूंची परस्परांवरील पकड सैल करते आणि दुसरीकडे त्या कॅल्शियमच्या कप्प्यांत शिरून त्याला बांधून ठेवते. मेंदूचा हुकूम पेशीपर्यंत येतो, दार ठोठावतो, पण आतून पुरेसे कॅल्शियम बाहेर येत नाही. शिवाय प्रत्येक आकुंचनाबरोबर थोडे थोडे पोटॅशियम पेशीबाहेर झिरपते आणि त्यामुळे विजेचा संदेशच क्षीण होत जातो. या ठिकाणी लॅक्टिक आम्लाची बाजू पुन्हा उजळते. पोटॅशियमच्या गळतीने दुबळा झालेला स्नायू सौम्य आम्लतेमुळे काही प्रमाणात सावरतो, असे डेन्मार्कमधील संशोधकांनी २००१ साली प्रयोगाने दाखवले.

यातील सर्वांत विलक्षण गोष्ट वेगळीच आहे. माणूस ‘आता एक पाऊलही टाकवत नाही’ म्हणून खाली बसतो, तेव्हाही त्याच्या स्नायूंत एटीपीचा बराचसा साठा शिल्लक असतो. तो खरोखर शून्यावर आला तर काय होते, हे प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेले आहे. मृत्यूनंतर काही तासांनी देह ताठरतो, तो एटीपी संपल्यामुळे. स्नायुतंतू एकमेकांना धरून बसतात, त्यांना सोडवणारी शक्तीच उरत नाही. जिवंत स्नायूला त्या अवस्थेला जाऊ देणे शरीराला परवडणारे नाही. म्हणून तिजोरी रिकामी होण्याच्या कितीतरी आधी तो आपला खर्च आखडता घेतो. आपण ज्याला थकवा म्हणतो, तो हा आखडता हात.

आता खाशाबांच्या अर्ध्या तासाकडे परत वळता येईल. जोरदार श्रम थांबल्यावर क्रिएटिन फॉस्फेटचा निम्मा साठा अर्ध्या ते एक मिनिटात भरून येतो आणि काही मिनिटांत तो बहुतांशी पूर्ववत होतो. बाहेर झिरपलेले पोटॅशियमही लवकर आत घेतले जाते. आम्लता ओसरायला याहून अधिक वेळ लागतो, तर कॅल्शियम सुटण्याच्या क्रियेत आलेली शिथिलता कित्येकदा तासन् तास रेंगाळते. म्हणजे अर्ध्या तासाने खाशाबांचे स्नायू अगदी ताजे झाले असते असे नाही. पण पकडीत झडप घालण्याची, समोरच्याला उचलण्याची जी शक्ती दहा सेकंदांच्या साठ्यावर चालते, ती त्यांना बरीचशी परत मिळाली असती. तो नियम ज्यांनी केला त्यांनी या रसायनांचा विचार केला नसेल. अनुभवाने त्यांना अचूक आकडा सापडला होता.

कुस्तीचे गणित मिनिटांचे, तर लांब पल्ल्याच्या चालीचे आणि धावण्याचे गणित तासांचे. तेथे प्रश्न येतो ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत व यकृतात साठवलेल्या साखरेचा. १९६७ साली स्वीडनमधील संशोधकांनी काही पुरुषांना तीन प्रकारचा आहार देऊन थकेपर्यंत सायकल चालवायला लावली. पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य केलेल्या आहारावर ते सुमारे तासभर टिकले; मिश्र आहारावर सुमारे दोन तास; आणि पिष्टमय पदार्थांनी समृद्ध आहारावर तीन तासांच्या आसपास. माणसे तीच, सायकल तीच. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी खाऊन दिवसभर रानात राबणाऱ्या सोलापूरकराला या प्रयोगाचा निष्कर्ष नवा वाटणार नाही. उपवासाच्या काळात मात्र यकृतातील हा साठा साधारण एका दिवसात ओसरतो आणि शरीर चरबीच्या इंधनावर येते. बसणे, वाचणे, सावकाश चालणे त्यावर सहज निभते. धावणे आणि वजने उचलणे निभत नाही. उपवासात जिने चढताना पाय जड वाटतात, ते शरीराच्या या काटकसरीमुळे.

आतापर्यंतचे विवेचन स्नायूपुरते झाले. परंतु स्नायू हा सैनिक आहे, सेनापती नव्हे. इटलीतील तुरीन येथील शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मधल्या बोटाने वजन उचलून थकवा मोजण्याचे साधे यंत्र तयार केले आणि १८९१ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. दिवसभर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या आपल्या एका सहकाऱ्याचे बोट त्यांनी तपासले. त्या प्राध्यापकाने दिवसभरात एक काडीही उचलली नव्हती, तरीही बोटाची ताकद लक्षणीय घटलेली होती. घरातील हिशेबाची किंवा आजारपणाची काळजी वाहून संध्याकाळी जिना चढणाऱ्या गृहिणीला या प्रयोगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

याची उलट बाजूही आहे. १९६१ साली इकाई आणि स्टाइनहाउस यांनी दाखवले की थकलेल्या माणसाजवळ अकस्मात बंदुकीचा बार काढला, किंवा त्याने स्वतः जोरात आरोळी ठोकली, तर त्या क्षणी त्याच्या हाताची ताकद वाढते. आखाड्यातील शड्डूचे शास्त्र ते हेच. आणखी एक प्रयोग तर कोड्यासारखा आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये सायकलपटूंना पिष्टमय द्रावणाने केवळ चूळ भरायला लावली. एक थेंबही गिळू दिला नाही. तरीही ताशी शर्यतीतील त्यांची कामगिरी सुमारे तीन टक्क्यांनी सुधारली. स्नायूंना साखरेचा एक कणही मिळाला नव्हता. जिभेने मेंदूला फक्त एवढेच कळवले होते की रसद येत आहे. तेवढ्यावर मेंदूने लगाम किंचित सैल सोडला.

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासह चीनला गेले. १९४० मधील एका दीर्घ लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. शरीरशास्त्राच्या नजरेने पाहिले तर यात थोडा उलगडा होतो. उभे राहण्याचे आणि हाताने हलके, नेमके काम करण्याचे श्रम ज्या संथ स्नायुतंतूंवर पडतात ते प्राणवायूवर चालतात आणि सहजासहजी थकत नाहीत. झडप घालणारे, उडी मारणारे जलद तंतू मात्र काही सेकंदांत मान टाकतात. म्हणून तीन दिवस उभ्याने काम करणे अशक्यप्राय असले तरी अशक्य नाही, आणि तीन मिनिटे पूर्ण ताकदीने धावणे मात्र कोणालाच शक्य नाही. अर्थात कोटणीसांच्या बाबतीत खरी कसोटी लागली असेल ती स्नायूंची नव्हे, झोपेला मुकलेल्या मेंदूची. आणि ती त्यांनी कशाच्या बळावर पार केली याचे उत्तर कोणत्याही यंत्रात मोजता येणारे नाही.

लगाम मेंदूच्या हाती आहे म्हटल्यावर प्रश्न येतो : तो काढून टाकता येईल काय? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी नेमके हेच करून पाहिले. सायकलपटूंच्या कण्यातून फेंटानिल हे औषध देऊन पायांच्या स्नायूंकडून मेंदूकडे जाणाऱ्या तक्रारी त्यांनी थोपवल्या. मेंदूकडून पायांकडे येणारे हुकूम मात्र अबाधित ठेवले. पाच किलोमीटरच्या शर्यतीत हे खेळाडू सुरुवातीला नेहमीपेक्षा वेगाने सुटले. पायांना काही होतच नव्हते! उत्तरार्धात मात्र त्यांचा वेग पडला, एकूण वेळेत काहीच लाभ झाला नाही, आणि शेवटी त्यांचे स्नायू नेहमीपेक्षा कितीतरी अधिक थकलेले आढळले. सायकलवरून उतरल्यावर काहींना आधाराशिवाय चालताही येईना.

प्रयोगशाळेत हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घडले. रस्त्यावर घडले तेव्हा त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागली. १३ जुलै १९६७ रोजी फ्रान्समधील प्रसिद्ध सायकल शर्यतीत इंग्लंडचा टॉम सिम्प्सन मों व्हांतू हा उजाड डोंगर रणरणत्या उन्हात चढत होता. थकवा जाणवू न देणारे ॲम्फेटामिन त्याच्या शरीरात होते. तो एकदा कोसळला, पुन्हा सायकलवर बसला, पुन्हा कोसळला आणि पुन्हा उठला नाही. वय होते २९ वर्षे.

ही दूरदेशीची जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. शस्त्रक्रियेत भूल दिल्यानंतर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो सावरण्यासाठी मेफेंटरमिन नावाचे इंजेक्शन दिले जाते. हे इंजेक्शन अलीकडच्या वर्षांत व्यायामशाळांत जाणारी तरुण मुले थकवा जाणवू नये म्हणून टोचून घेऊ लागली आहेत, आणि महाराष्ट्रात पोलिसांनी त्याचे बेकायदा साठे पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात. या औषधाने स्नायूत एक कणही शक्ती भरली जात नाही. हृदयाची धडधड आणि रक्तदाब वाढतो, मेंदूपर्यंत पोचणारी थकव्याची वर्दी दडपली जाते, आणि सवय जडल्यावर मनाचा तोल बिघडल्याची उदाहरणे मानसोपचारतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. ज्या घरात मुलगा नव्यानेच व्यायामशाळेत जाऊ लागला आहे, तेथे त्याच्या दंडाचा घेर मोजण्याआधी त्याच्या पिशवीत काय आहे याची विचारपूस व्हावी. क्रिएटिनच्या पुडीची गोष्ट निराळी. शरीर हे द्रव्य स्वतः बनवते. आहारातून ते मुख्यतः मांस-मासळीतून मिळते, म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा काहीसा कमी असतो. बाजारात मिळणारी पूड कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होते, प्राण्यांपासून नव्हे. तिच्या कॅप्सूलचे आवरण मात्र जिलेटिनचे असू शकते, हे शाकाहारी कुटुंबांनी पाहून घ्यावे.

सोलापूरकरांसाठी थकव्याचे सर्वांत जवळचे कारण आहे ऊन. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि काही वर्षी ४३-४४ अंशांपर्यंत जातो. स्नायूंना मिळणाऱ्या शक्तीपैकी साधारण पाव हिस्सा कामी येतो. उरलेली सर्व उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते आणि तेवढे स्नायूंच्या वाट्याचे घटते. सरावलेले सायकलपटू उष्ण खोलीत सायकल चालवताना शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या आसपास पोचताच थांबतात, मग सुरुवातीला ते कितीही ताजेतवाने असोत, असे प्रयोगांत दिसले आहे. सिद्धेश्वर तलावाच्या काठी पहाटे फिरणारे लोक उन्हाळ्यात सूर्योदयाआधी घरी परततात, हे शहाणपणच. मागावर उभ्याने काम करणाऱ्याला किंवा रस्त्याच्या कामावरील मजुराला ही सोय नसते. उन्हाची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत लागते. तोवर नव्या माणसाकडून पूर्ण दिवसाच्या कामाची अपेक्षा धरू नये आणि पाणी, मीठ, सावली यांत काटकसर करू नये. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अडखळू लागला तर तो थकला आहे असे समजून त्याला बसवून ठेवणे धोक्याचे आहे. तो उष्माघात असू शकतो. अंगावर पाणी ओतून, वारा घालून त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी अंग ठणकते, तेही लॅक्टिक आम्लामुळे नव्हे. ते तर तासाभरातच निघून गेलेले असते. सवय नसलेल्या श्रमाने, विशेषतः डोंगर किंवा जिने उतरताना, ताणल्या जाणाऱ्या स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ती भरून येताना ठणका लागतो. चढताना धाप लागते आणि उतरल्यानंतर मांड्या बोलतात, हा यात्रेकरूंचा अनुभव त्यातूनच येतो. तोच श्रम दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा केला तर ठणका बराच कमी होतो. मात्र अतिश्रमानंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर ती मूत्रपिंडाला धोक्याची सूचना आहे. डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई नको.

आणि श्रम न करताच येणारा थकवा? तो स्नायूंचा नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली, म्हणजे निम्म्याहून अधिक. रक्तच प्राणवायू पुरेसा वाहत नसेल तर स्नायूंनी काय करावे! बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नसते. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून थोडेफार मिळते. ज्या घरांत दूधही कमी घेतले जाते तेथे त्याची उणीव वर्षानुवर्षे लपून राहते. हातापायांना मुंग्या येणे, सतत गळून गेल्यासारखे वाटणे ही तिची लक्षणे. साध्या रक्ततपासणीने ती कळते. अशा स्त्रीला घरातली माणसे ‘आळशी’ म्हणतात, तेव्हा तिच्यावर दुहेरी अन्याय होतो.

राहता राहिली ज्येष्ठ मंडळी. वयाबरोबर जलद तंतू आधी झिजतात. म्हणून सत्तरीनंतर चालणे जमते, पण खुर्चीतून झटकन उठणे किंवा तोल गेल्यावर सावरणे जमत नाही. ‘आता थकलो’ म्हणून बसून राहिले की झीज आणखी वेगाने होते. १९९० साली अमेरिकेतील एका वृद्धनिवासात सरासरी ९० वर्षे वयाच्या काही वृद्धांनी आठ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली, आठवड्यातून तीनदा मांडीच्या स्नायूंनी वजन उचलण्याचा व्यायाम केला. प्रत्येक वेळी स्नायू थकतील इतके वजन त्यांना दिले जाई आणि दोन खेपांमध्ये विश्रांती. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी हातातील काठी सोडली. व्यायाम बंद केल्यावर अवघ्या चार आठवड्यांत त्या ताकदीचा जवळजवळ तिसरा हिस्सा पुन्हा निघून गेला.